हिरवी झाडे, तांबडा खडू : बझांसोंच्या संग्रहालयातील फ्रागोनारचे एक निसर्गचित्र

मळवाट

नमस्कार मंडळी. मी काही वर्षांपासून फ्रान्समध्ये ल्यों येथे राहतो. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे पुढील लिखाणात परिभाषेची चूक आढळल्यास जाणकारांनी ती अवश्य दुरुस्त करावी.

मध्यंतरी बझांसोंला जाणे झाले. दू नदीने जवळजवळ संपूर्ण वेढा घातलेल्या या जुन्या गावातील कलासंग्रहालय धान्यबाजाराच्या एकोणिसाव्या शतकातील इमारतीत आहे. त्यातील संग्रहाची सुरुवात मात्र १६९४ मधील एका धर्मगुरूच्या मृत्युपत्रापासून झाली. आपली पुस्तके, चित्रे आणि नाणी लोकांना पाहण्यासाठी खुली राहावीत, अशी अट त्याने घातली होती. या संग्रहालयाजवळ पाच हजारांहून अधिक रेखाचित्रे आहेत, आणि त्यांतच अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार झां-ओनोरे फ्रागोनार याने इटलीत रोमजवळच्या तिवोली येथे काढलेल्या तांबड्या खडूतील दहा निसर्गचित्रांचा संच आहे. त्यांपैकी ‘व्हिला देस्तेचे मोठे सरू’ (व्हिला देस्ते म्हणजे तिवोलीतील बागेसह असलेला एक जुना वाडा) या चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

चित्र आकाराने मोठे नाही. साधारण अर्धा मीटर उंचीचा कागद म्हणता येईल. पाहणारा बागेच्या खालच्या अंगाला उभा आहे. दोन्ही बाजूंनी सरूची प्रचंड झाडे वर चढत गेली आहेत, त्यांच्या मधल्या फटीतून दूर टेकाडावरचा वाडा दिसतो, आणि झाडांच्या बुंध्याशी माणसे इतकी लहान आहेत की ती प्रथम लक्षातही येत नाहीत. एकदा ती दिसली की झाडे अचानक दुप्पट उंच होतात.

मला पडलेले प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, संपूर्ण हिरवी बाग विटेच्या रंगाच्या एकाच खडूने काढलेली असूनही ती पाहताना काही खटकत का नाही? उलट ऊन इतके खरे वाटते की डोळे बारीक करावेसे वाटतात. दुसरा प्रश्न असा की, याला कच्चे रेखाटन म्हणायचे की पूर्ण झालेले चित्र? माझ्यासोबतच्या मित्राच्या मते हा पुढे रंगवायच्या चित्राचा आराखडा असावा. मला ते पटले नाही, परंतु का पटले नाही हे सांगता आले नाही.

रेघोटी

मळवाट, आपला पहिला प्रश्न मी शाळेत चित्रकला शिकवताना अनेक वेळा ऐकला आहे, म्हणून आधी त्याकडे वळतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुले झाड म्हटले की हिरवी वडी उचलतात, आणि पान हिरवे दिसते ते त्याच्यावर पडलेल्या उजेडामुळे हे त्यांना समजावून सांगण्यात माझे निम्मे वर्ष जाते.

आपण एकरंगी चित्र पाहतो तेव्हा रंगाची चौकशी डोळा फार लवकर सोडून देतो आणि उजळ काय, गडद काय, एवढेच पाहू लागतो. हे काळ्या शिसपेन्सिलीच्या चित्रातही घडते. मग तांबड्या खडूत वेगळे काय आहे? माझ्या मते खरे उत्तर त्याच्या दुबळेपणात आहे. कोळशाने किंवा काळ्या खडूने कागदावर खोल अंधार करता येतो. तांबडा खडू कितीही दाबून घासला तरी तो काळा होत नाही, एका मर्यादेनंतर फक्त अधिक तांबडा होतो. म्हणजे चित्रातील सर्वांत गडद जागासुद्धा पूर्ण अंधाराच्या पुष्कळ अलीकडे थांबते. परिणामी सावलीतही उजेड शिल्लक राहतो, आणि भर दुपारच्या उन्हात सावल्या नेमक्या अशाच दिसतात. आजूबाजूच्या उन्हाचा परतलेला उजेड त्यांच्यात शिरलेला असतो. त्यात रंग ऊबदार असल्यामुळे कोरा सोडलेला कागद तापल्यासारखा वाटतो. फ्रागोनारच्या चित्रातील ऊन काढलेले नाही, ते न काढता ठेवलेले आहे.

त्याच्या रेघांकडेही पाहावे. दूरच्या वाड्यासाठी खडूचे टोक तासून, हात हलका ठेवून, बारीक आणि फिक्या रेघा ओढल्या आहेत. जवळच्या झाडांसाठी तोच खडू वळणे घेत, मागेपुढे जात, पानांचे पुंजके सुचवत धावतो. एकही पान पानासारखे काढलेले नाही. विद्यार्थ्यांना मी हे दाखवले की ते लगेच गिरमिट काढू लागतात, आणि मग लक्षात येते की त्या वळणांमागे फांदीचे वजन कोणत्या बाजूला झुकते याची किती पक्की समज आहे.

शंकेखोर

रेघोटी यांचे विवेचन वाचनीय आहे, तरी एक शंका मांडतो. आपण परिणाम पाहून हेतू ठरवत नाही ना? त्या काळात फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांपासून राजाश्रय असलेल्या कला अकादमीच्या सभासदांपर्यंत सर्वच जण तांबडा खडू वापरत होते. नग्न मॉडेलवरून केलेले वर्गातील अभ्याससुद्धा त्याच खडूत होत. जे साधन हाताशी असते त्यानेच माणूस काम करतो. त्यात इटलीच्या उन्हाचा विचार फ्रागोनारने केला होता, असे मानायला आधार कोणता? काळा खडूही त्याच्या पेटीत असणारच.

पाणचिन्ह

मी मुंबईत कागदावरील जुन्या कलाकृतींच्या जतनाचे काम करते. शंकेखोर यांचा आक्षेप निम्मा बरोबर आहे, म्हणून साधनाविषयी थोडे तपशिलात लिहिते.

‘खडू’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर फळ्यावरचा खडू येतो, तो येथे बाजूला ठेवावा. हा निसर्गात मिळणारा दगड आहे. चिकणमातीत हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड, मिसळून हा मऊ थर तयार होतो. आपल्याकडील गेरूचा हा जवळचा भाऊच म्हणता येईल, फक्त त्याचा कण इतका बारीक आणि घट्ट असावा लागतो की दगड करवतीने कापून त्याच्या कांड्या करता याव्यात आणि त्या कांडीला टोक काढता यावे. फ्रेंच भाषेत त्याला ‘सांगीन’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ रक्तात आहे. कांडी पितळेच्या धारकात बसवत असत. या धारकाच्या दोन्ही टोकांना चिमट्यासारखी फट असते आणि सरकते कडे ओढले की कांडी घट्ट पकडली जाते. एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला काळा, अशी सोय त्यात सहज होई. तेव्हा काळा खडू हाताशी होता, हे शंकेखोर यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामुळेच तांबड्याची निवड ही निवड ठरते. कित्येक चित्रकार आधी काळ्या खडूने अगदी पुसट मांडणी करून घेत आणि नंतर तांबडा हातात घेत.

तांबड्या खडूचा एक गुण आणि एक दोष, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. तो कागदाच्या तंतूंना कोळशापेक्षा पुष्कळ घट्ट धरून बसतो. त्यामुळे तो सहजासहजी झडत नाही, आणि त्याच कारणाने नीट पुसताही येत नाही. म्हणून या माध्यमात हात डळमळला तर ते कायमचे दिसते. कांडीचे टोक ओले करून रेघ ओढली की ती अधिक गडद आणि घट्ट उमटते. जवळच्या वस्तूंवरील ठसठशीत रेघा अशा रीतीने करता येतात.

आता या माध्यमाच्या लोकप्रियतेचे असे एक कारण सांगते, ज्याचा उल्लेख चित्राच्या शेजारच्या पाटीवर क्वचितच असतो. तांबड्या खडूच्या चित्रावर ओलसर कोरा कागद ठेवून तो दाबयंत्रातून काढला, तर चित्रातील काही कण त्या कागदावर उतरतात आणि डावे-उजवे बदललेली एक फिकट प्रत मिळते. फ्रेंच लोक तिला ‘कोंत्र-एप्रव’ म्हणतात. आपण तिला उलटा ठसा म्हणू. काळ्या खडूचाही असा ठसा निघतो, परंतु तांबड्याचा फार सुरेख निघतो. चित्रकाराला याचे फायदे अनेक होते. मूळ चित्र विकले किंवा भेट दिले तरी त्याची आठवण जवळ राहत असे. वरवरचे सुटे कण निघून गेल्यामुळे मूळ चित्र पुढे कमी पुसटत असे. उलट्या ठशावर पुन्हा खडूने काम करून दुसरे चित्रही तयार करता येई. फ्रागोनारचा रोममधील सोबती युबेर रोबेर याने हा प्रकार इतका सढळपणे वापरला की त्याची चित्रे अभ्यासताना हा मूळ कागद आहे की ठसा, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारावा लागतो.

मळवाट

पाणचिन्ह, मनःपूर्वक आभार. समोर असलेला कागद मूळ आहे की उलटा ठसा, हे माझ्यासारख्या माणसाला काचेबाहेरून ओळखता येईल काय?

पाणचिन्ह

बऱ्याच वेळा येते. उजव्या हाताने काम करणारा माणूस सावलीसाठी समांतर रेघा भराभर ओढतो तेव्हा त्या साधारणपणे वर उजवीकडून खाली डावीकडे झुकतात. आपला हात कागदावर ठेवून करून पाहिले की लगेच पटेल. सगळ्या रेघांचा कल याच्या विरुद्ध दिसला, तर चित्रकार डावखुरा तरी असावा किंवा समोरचा कागद ठसा तरी असावा. दुसरी खूण रेघेच्या पोताची आहे. मूळ रेघेत खडूचे कण कागदाच्या उंचवट्यांवर बसलेले दिसतात, मध्ये कोरे ठिपके राहतात आणि रेघ जिवंत वाटते. ठशातील रेघ दाबाने चपटी होते, तिचा कणखरपणा जातो आणि सगळीकडे एकसारखी धुकट छटा येते. चित्रात ओळखीची इमारत असेल तर तिची डावी-उजवी बाजू ताडून पाहणे सर्वांत सोपे.

फसगत होते ती दुरुस्त केलेल्या ठशाच्या बाबतीत. फिकट ठशावर चित्रकाराने ताज्या, गडद रेघा दिल्या असतील तर एकाच कागदावर दोन्ही पोत मिसळतात. असे कागद मला स्वतःला सर्वांत अधिक आवडतात.

उंबरठा

चर्चा रंगली आहे, म्हणून इतिहासाच्या अंगाने काही भर घालतो. मळवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते तिथेच मिळेल.

फ्रागोनारचा जन्म १७३२ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ग्रास या गावी झाला. १७५२ मध्ये त्याने रोम पारितोषिक, म्हणजे तरुण कलावंतांना रोमला शिकायला पाठवणारे पारितोषिक, मिळवले आणि १७५६ च्या अखेरीस तो रोममधील फ्रेंच अकादमीत राजाच्या खर्चाने राहणारा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. त्या वेळी ही अकादमी कोर्सो रस्त्यावरील मान्चिनी वाड्यात होती आणि तिचा संचालक होता शार्ल-जोसेफ नात्वार. अकादमीचा अधिकृत अभ्यासक्रम म्हणजे प्राचीन शिल्पांवरून आणि थोर इटालियन चित्रांवरून नकला करणे. धर्म, पुराण आणि इतिहास यांवरील भव्य चित्रे सर्वांत श्रेष्ठ, आणि निसर्गचित्र त्या उतरंडीत पुष्कळ खाली, अशी तेव्हाची समजूत होती. नात्वारचे वैशिष्ट्य असे की तो स्वतः उघड्यावर बसून रोमच्या परिसराची निसर्गचित्रे काढत असे आणि विद्यार्थ्यांनाही बाहेर घेऊन जाई. इतिहासचित्रकार म्हणून त्याच्यावर पुढे बरीच टीका झाली. शिक्षक म्हणून त्याचे हे ऋण मात्र फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

‘आबे द सॅं-नों’ या नावाने ओळखला जाणारा धर्मगुरू हा या कथेतील तिसरा माणूस. तो पैसेवाला, प्रवासाची आवड असलेला आणि स्वतः हौशी चित्रकार व कोरीव मुद्रक होता. तो १७५९ च्या अखेरीस रोमला आला. मोदेनाचा ड्यूक हा देस्ते घराण्यातील, आणि तिवोलीचा वाडा त्याच्या मालकीचा. त्या वाड्यात उन्हाळ्यात राहण्याची सवलत सॅं-नोंने मिळवली आणि १७६० च्या उन्हाळ्यात तो फ्रागोनारला सोबत घेऊन तिथे राहिला. ऑगस्टच्या अखेरीस नात्वारने पॅरिसला, राजाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख मारिन्यी याला पत्र पाठवून कळवले की ही जोडी दीड महिन्यापासून तिवोलीत असून तरुण चित्रकार अतिशय सुंदर अभ्यास करत आहे. या पत्रात चित्रकाराचे नाव ‘फ्लागोनार’ असे पडले आहे. आपल्या स्वतःच्या विद्यार्थ्याचे नाव संचालकाने असे लिहावे, ही गंमत मला फार आवडते.

ते राहत होते ती बाग कशी होती, हेही लक्षात घ्यावे लागते. तिवोली रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर आहे. कार्डिनल इप्पोलितो देस्ते १५५० मध्ये तिथला राज्यपाल झाला आणि त्याने पिर्रो लिगोरियो या वास्तुकाराकडून डोंगराच्या उतारावर कारंज्यांची बाग आखून घेतली. आनिएने नदीचे पाणी वळवून ते केवळ उताराच्या बळावर शेकडो तोट्यांतून उडवले. परंतु फ्रागोनार तिथे पोहोचला तोपर्यंत दोनशे वर्षे उलटली होती आणि मालकांचे लक्ष उडाले होते. कापून-छाटून आखीव ठेवायची झाडे मोकाट वाढली होती, मूर्ती ढासळत होत्या, शेवाळ चढले होते. मळवाट यांनी ज्या सरूंची उंची वर्णन केली आहे ती त्या हेळसांडीचीच देणगी आहे. बाग व्यवस्थित राखलेली असती, तर हे चित्र निघाले नसते.

आता कच्चे की पक्के याबद्दल. १७६५ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अकादमीच्या जाहीर प्रदर्शनात, फ्रागोनारने आपले भव्य पुराणचित्र ‘कोरेसुस आणि काल्लिरोए’ मांडले. त्याच प्रदर्शनात तिवोलीच्या व्हिला देस्तेची दोन रेखाचित्रेही त्याच्या नावावर होती, आणि ती सॅं-नोंच्या मालकीची असल्याची नोंद प्रदर्शनाच्या पुस्तिकेत आहे. जी रेखाचित्रे मालकाकडून मागून आणून जाहीर प्रदर्शनात टांगली जातात, त्यांना आराखडा म्हणता येणार नाही. पॅरिसमध्ये या सुमारास रेखाचित्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावणारे रसिक तयार झाले होते. मागणी इतकी होती की तांबड्या खडूच्या रेघेचा पोत छापून काढण्याची नवी पद्धतच निघाली. दातेरी चाकाने तांब्याच्या पत्र्यावर ठिपके पाडायचे आणि तांबड्या शाईने छापायचे, म्हणजे खडूची रेघ हुबेहूब उठते. झां-शार्ल फ्रांस्वा आणि त्याच्यामागून जील दमार्तो यांनी ही पद्धत नावारूपाला आणली, आणि दमार्तोने फ्रागोनारचा गुरू बूशे याची कितीतरी रेखाचित्रे अशी छापली. ज्यांना मूळ चित्र परवडत नसे, त्यांच्या भिंतीवरही तांबडा खडू पोहोचला.

तेव्हा मळवाट, आपल्याला मित्राचे म्हणणे पटले नाही, ते योग्यच झाले. फ्रागोनारने पुढे याच बागेवर आधारित ‘छोटी बाग’ नावाचे लहान तैलचित्र केले, जे आज लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे, आणि त्याच विषयाचा आम्लकोरीव ठसाही (आम्लाने पत्र्यावर रेघा कोरून छापलेले चित्र) १७६३ च्या सुमारास काढला. म्हणजे त्याने या अनुभवाचा पुन्हा उपयोग केला हे खरे. परंतु बझांसोंचे कागद स्वतःच्या पायावर उभे आहेत.

शंकेखोर

उंबरठा यांनी पुरावा दिला, त्यामुळे माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो. मात्र यातून नवीनच अडचण उभी राहते. चित्र इतके पक्के, मांडणी इतकी विचारपूर्वक आणि हात इतका निश्चित असेल, तर ते खरोखर तिवोलीत झाडाखाली बसून काढले, की तिथे झरझर टिपणे करून नंतर खोलीत टेबलावर शांतपणे तयार केले? ऊन खरे वाटते म्हणून चित्र उन्हात बसून काढले असे सिद्ध होत नाही. आणि पुसता न येणाऱ्या माध्यमात, अर्ध्या मीटरच्या कागदावर, एकही चूक न करता बागेत बसून असे चित्र काढणे मानवी आहे का?

रेघोटी

मानवी आहे, फ्रागोनारसारख्या माणसाला तर नक्कीच. तरीही शंकेखोर यांच्या प्रश्नाला मी सरळ ‘नाही’ म्हणणार नाही.

दोन्ही शक्यता मी हाताने पडताळून पाहिल्या आहेत, अर्थात माझ्या कुवतीने. पन्हाळ्यावर झाडांच्या रांगेसमोर बसून तांबड्या कांडीने चित्र काढायला घेतले तेव्हा तासाभरात ऊन इतके सरकले की सुरुवातीच्या सावल्या आणि नंतरच्या सावल्या एकमेकींशी भांडू लागल्या. फ्रागोनारच्या चित्रात उजेडाची दिशा आदीपासून अंतापर्यंत एक आहे. याचा अर्थ त्याने सावल्यांची मांडणी प्रथम अगदी थोडक्या वेळात ठरवून घेतली असावी आणि मग तपशील भरला असावा. तो झाडाखाली भरला की खोलीत, त्याने फारसे बिघडत नाही. सरूच्या टोकाकडे जाताना रेघा ज्या बेफिकिरीने सुटतात, त्या मला समोर झाड असल्याशिवाय सुचणार नाहीत. याउलट पायऱ्या, कठडे आणि वाड्याची दर्शनी बाजू यांचे यथार्थदर्शन इतके बिनचूक आहे की तिथे पट्टी नसली तरी शांत टेबल असावे, असे वाटते. आणि हे ‘खोलीत’ म्हणजे तरी कुठे? ते दोघे त्या वाड्यातच राहत होते. खिडकी उघडली की खाली बाग. दुपारी बाहेर, सायंकाळी आत, अशी ये-जा सहज झाली असेल.

याच ओघात एक वैयक्तिक रडगाणे. पन्हाळ्याचे ते चित्र मी एका चौकट बनवणाऱ्याकडे दिले आणि त्याने मला न विचारता त्यावर स्थिरीकरणाचा फवारा मारला. ऊन असलेला कोरा भाग पिवळट झाला आणि खडूची कोरडी, मखमली छटा जाऊन ती ओल्या मातीसारखी गडद दिसू लागली. चित्र फार थोर नव्हते, पण जे काही होते ते ऊनच होते.

पाणचिन्ह

रेघोटी, आपले दुःख कळते. स्थिरीकरणाची द्रावणे कण एकमेकांना चिकटवतात आणि त्यांच्यामधील हवा घालवतात, म्हणून छटा गडद होते. पूर्वी यासाठी साय काढलेले पातळ दूधही वापरत, आणि त्याचे डाग आम्हाला आजही काही कागदांवर भेटतात. उलट्या ठशाचा एक फायदा मी वर सांगितला तो याच संदर्भात महत्त्वाचा आहे: फवारा न मारता सुटे कण कमी करण्याची ती जुनी युक्ती होती.

बझांसोंला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. लोहाचे ऑक्साइड उजेडाने उडत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरील गेरूच्या बाह्यरेषा आजवर टिकल्या त्या याच गुणामुळे. परंतु कागद उजेडाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि या प्रकारच्या चित्रात तर कागद हाच अर्धा रंग आहे. रेघोटी म्हणाले तसे कोरा कागद म्हणजे ऊन असेल, तर कागद काळवंडणे म्हणजे ऊन मावळणे. त्यामुळे अशी चित्रे साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशात थोडे महिने दाखवतात आणि मग पेटीत, अंधारात, काही वर्षे विश्रांती देतात. दहाही कागद एका वेळी भिंतीवर दिसतील अशी अपेक्षा ठेवून निघू नये. आधी संग्रहालयाकडे चौकशी करावी. मळवाट यांना हे चित्र समोर दिसले, हा योग चांगला होता.

वेलबुट्टी

मी गोव्याची आहे, त्यामुळे गेरूचा उल्लेख आल्यावर राहवले नाही. आमच्याकडील जुन्या देवळांत आणि घरांत कावी कलेचे नमुने आहेत. त्यात भिंतीवर काव या तांबड्या मातीचा गिलावा देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. फ्रागोनारचा आणि याचा काही संबंध आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु लहानपणापासून तांबड्या वेली आणि तांबडे मोर पाहिलेल्या माणसाला मळवाट यांचा पहिला प्रश्न पडलाच नसता, एवढे मात्र नोंदवते.

माझा प्रश्न उंबरठा यांना आहे. सॅं-नोंच्या मालकीची चित्रे पॅरिसमध्ये होती, तर मग हा संच स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या बझांसोंला कसा पोहोचला?

उंबरठा

वेलबुट्टी, याचे श्रेय एका वास्तुकाराला जाते. प्येर-आद्रियां पारी याचा जन्म १७४५ मध्ये बझांसोंला झाला. तो तरुणपणी रोममध्ये शिकला, पुढे सोळाव्या लुईच्या दरबारातील समारंभांची सजावट आखण्याच्या पदावर गेला, आणि आयुष्यभर रेखाचित्रे जमवत राहिला. फ्रागोनार आणि रोबेर यांच्या पिढीची रोमची चित्रे त्याच्याकडे मोठ्या संख्येने होती. क्रांतीनंतर दरबार राहिला नाही. अखेरच्या वर्षांत पारी जन्मगावी परतला आणि १८१९ मध्ये मरताना त्याने आपला संग्रह गावाला दिला. या दहा कागदांचे मूल्य एका वास्तुकाराने ओळखले, यात मला नवल वाटत नाही. पायऱ्या, उतार, कठडे आणि त्यांच्यावर स्वार झालेली झाडे, हे दृश्य रचना करणाऱ्या माणसाला जवळचे वाटणारच.

एक पुरवणी. फ्रागोनार आणि रोबेर या दोघांनी रोममध्ये एकाच गुरूच्या देखरेखीखाली, एकाच खडूने, कित्येकदा एकाच जागा काढल्या, त्यामुळे काही कागदांवरील नावे अभ्यासकांनी वेळोवेळी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवली आहेत. स्वतः सॅं-नों याचा हातही त्यांच्या इतका जवळ जातो की गोंधळात भर पडते. ढोबळ मानाने सांगायचे तर रोबेरची रेघ अधिक सरळ आणि टोकदार असते, त्याचा जीव भिंतीत, कमानीत आणि पडक्या खांबात गुंतलेला असतो, आणि झाड त्याच्याकडे त्या भिंतीची सोबत करायला येते. फ्रागोनारकडे नेमके उलट असते.

मळवाट

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा मी केली नव्हती.

संग्रहालयात घेतलेल्या माझ्या छायाचित्रात आज सावलीच्या रेघांचा कल तपासून पाहिला. छायाचित्र फार स्पष्ट नाही, तरी डाव्या बाजूच्या सरूंच्या बुंध्याशी त्या वर उजवीकडून खाली डावीकडे जातात असे दिसते. वाड्याजवळची रेघ खरोखरच वेगळ्या माणसाने काढावी इतकी हलकी आहे. रेघोटी यांनी सांगेपर्यंत ते माझ्या लक्षात आले नव्हते.

ल्योंच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर व्हालांस गाव आहे, आणि तिथल्या संग्रहालयात युबेर रोबेरची तांबड्या खडूतील ९७ चित्रे आहेत. पाणचिन्ह यांच्या सूचनेप्रमाणे त्यांना आजच पत्र पाठवून विचारले आहे की सध्या कोणते कागद बाहेर आहेत. उत्तर आले की इथेच कळवतो. तिथे ठसे आणि मूळ कागद शेजारी शेजारी पाहायला मिळाले, तर कोणता कोणता आहे हे पाटी न वाचता ओळखण्याचा प्रयत्न करेन आणि किती वेळा चुकलो तेही प्रामाणिकपणे लिहीन.

शंकेखोर

चुकलेले आधी लिहावे.